विद्यार्थी आपल्याबद्दल ऑनलाइन काय लिहितात, हे प्राध्यापकांना कळतं तेव्हा काय होतं?

२०१४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत एक लेक्चर चालू होतं. सभागृहात पहिल्या वर्षाची साधारण २३० मुलं आणि शिकवायला तीन प्राध्यापिका. लेक्चर संपल्यावर त्यांच्या एका सहायकाने मोबाइल आणून त्यांच्यासमोर धरला. स्क्रीनवर ‘यिक याक’ नावाचं ॲप उघडलेलं होतं. आसपासच्या दीडेक मैलाच्या परिसरातल्या कुणालाही वाचता येतील असे मेसेज त्यावर नाव न देता टाकता यायचे.

समोर बसलेली मुलं लेक्चर चालू असतानाच या तिघींबद्दल तिथे लिहीत होती. एक-दोन नाही, शंभरच्या वर पोस्ट. बऱ्याचशा अश्लील आणि अपमानास्पद. तिघींपैकी एकीने प्राध्यापक संघटनेकडे लेखी तक्रार केली, वकील करायचाही विचार बोलून दाखवला. पण युनिव्हर्सिटीला काही करता आलं नाही, कारण लिहिणारे कोण हेच कळत नव्हतं. ते ॲप नंतर २०१७ मध्ये बंद पडलं आणि २०२१ मध्ये परत आलं.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण मुलं आपल्याबद्दल काय बोलतात याची थोडीफार कल्पना प्रत्येक शिक्षकाला असते. कल्पना असणं वेगळं आणि स्वतःच्या नावाखाली ते छापलेलं वाचणं वेगळं. आता प्रश्न असा की या लिखाणात खरं किती असतं? त्यावरून शिक्षक चांगला की वाईट हे ठरवता येतं का? आणि कायदा काय म्हणतो?

शंभर वर्षांपूर्वीचं ‘गाइड’

मुलांनी शिक्षकांना मार्क देणं हे इंटरनेटने आणलेलं फॅड नाही. हार्वर्डच्या ‘क्रिमसन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने १९२५ मध्येच कोर्सेसबद्दल मुलांची मतं सांगणारं ‘कॉन्फिडेन्शियल गाइड’ छापलं होतं. त्याच दशकात पर्ड्यू युनिव्हर्सिटीत हर्मन रेमर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांना गुण देण्यासाठी एक पद्धतशीर फॉर्म तयार केला. आज कॉलेजात सेमिस्टरच्या शेवटी जो फीडबॅक फॉर्म भरायला लावतात, त्याचा हा पणजोबा.

आपल्याकडे हे काम हॉस्टेलच्या सिनिअरनी केलं. कुणाच्या लेक्चरला बसायचं, कुणाची अटेंडन्स कडक, कोण ओरलला छळतं आणि कोण इंटर्नलला हात सैल सोडतं, ही माहिती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे तोंडी जायची. आता ती व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामच्या कन्फेशन पेजवरून जाते. पूर्वी ही चर्चा कँटीनमध्ये विरून जायची. आता ती उरते, तिचा स्क्रीनशॉट निघतो आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचतो.

आमच्याही बॅचचा असा एक ग्रुप होता. एक सर दर वाक्यात ‘म्हणजेच’ म्हणायचे, त्याचा रोजचा स्कोअर ग्रुपवर पडायचा. चाळीसच्या वर गेला की हरणाऱ्याने समोसे आणायचे. एके दिवशी कुणीतरी तो स्कोअर चुकून डिपार्टमेंटच्या ऑफिशियल ग्रुपवर टाकला. सर त्यावर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरला ‘म्हणजेच’ एकदाही आलं नाही, पण सर वाक्यावाक्याला अडखळत होते. त्या दिवशी समोसे कुणी आणले नाहीत.

एक वेबसाइट आणि एक मिरची

या विषयातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतली ‘रेट माय प्रोफेसर्स’ ही वेबसाइट. जॉन स्वॉपसिन्स्की या कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने १९९९ मध्ये ती ‘टीचर रेटिंग्ज’ या नावाने सुरू केली आणि २००१ मध्ये आजचं नाव दिलं. पुढे २००७ मध्ये एमटीव्हीच्या कॉलेज चॅनेलने ती विकत घेतली. २०१८ मध्ये ती ‘चेडर’ या मीडिया कंपनीकडे गेली.

पद्धत सोपी आहे. प्राध्यापकाचं नाव शोधायचं, एक ते पाचमध्ये गुण द्यायचे, विषय किती अवघड गेला ते सांगायचं, पुन्हा याच सरांकडे शिकाल का याचं उत्तर द्यायचं आणि खाली कॉमेंट लिहायची. लिहिणारा त्या वर्गात खरंच बसला होता का, याचा पुरावा लागत नाही. प्राध्यापकाला खातं उघडून उत्तर देता येतं, नियमात न बसणाऱ्या कॉमेंटची तक्रार करता येते. उत्तर दिलं तरी मूळ कॉमेंट जागेवरच राहते. एमटीव्हीच्या काळात तर त्यांनी प्राध्यापकांना कॅमेऱ्यासमोर बसवून आपल्यावरच्या कॉमेंट्सना उत्तरं द्यायला लावणारी मालिकाच काढली होती.

आणि मिरची? प्राध्यापक दिसायला ‘हॉट’ असेल तर त्याच्या नावापुढे लाल मिरचीचं चिन्ह यायचं. हो, खरंच. हे अनेक वर्षं चालू होतं. २०१८ मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीतल्या एका महिला मेंदूशास्त्रज्ञाने ट्विट करून विचारलं की या मिरचीचा शिकवण्याशी संबंध काय. हजारो प्राध्यापकांनी ते उचलून धरलं. साइटने आधी म्हटलं की मिरची म्हणजे शिकवण्याची उत्साही शैली. या खुलाशावर कुणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. शेवटी मिरची काढली गेली.

मग मुलं लिहितात ते खोटं असतं का?

नाही. इथे शिक्षकांच्या बाजूने बोलणारेही जरा घाई करतात. नाराज मुलंच ऑनलाइन लिहितात, सबब सगळा कचरा, असा एक समज आहे. पण अशा वेबसाइटवरचे सरासरी गुण कॉलेजच्या अधिकृत फीडबॅकशी ताडून पाहिले गेले, तेव्हा ते बऱ्यापैकी जुळले. आवडते आणि नावडते प्राध्यापक दोन्हीकडे साधारण तेच निघतात. म्हणजे वर्गात बसून मुलांना काय वाटलं, हे या लिखाणातून कळतं.

खरी गडबड पुढे आहे. वर्गात बसून बरं वाटलं म्हणजे शिकायला मिळालं, असं आपण धरून चालतो. ते गृहीतक किती कच्चं आहे, हे दाखवणारे प्रयोग वाचले की हसूही येतं आणि थोडी भीतीही वाटते.

सगळ्यात गाजलेला प्रयोग ‘डॉक्टर फॉक्स’चा. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी मायकल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं. विषय दिला वैद्यकीय शिक्षणात गणितातल्या गेम थिअरीचा वापर. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला सांगितलं होतं की विनोद कर, आत्मविश्वासाने बोल, आणि प्रश्नोत्तरांतही गोलगोल, परस्परविरोधी बोलत राहा. श्रोते होते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ. त्यांना भाषण आवडलं. एकाने तर डॉ. फॉक्सचं लिखाण आपण वाचलेलं आहे असंही लिहिलं. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

मग १९९३ मध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी हार्वर्डमध्ये वेगळीच गोष्ट करून पाहिली. शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओतले दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. हे गुण त्या वर्गातल्या मुलांनी पूर्ण सेमिस्टर शिकून दिलेल्या गुणांशी चांगलेच जुळले. तीस सेकंद, तेही मुके. अर्थात, चांगला शिक्षक तीस सेकंदांतही ओळखू येतो असाही याचा अर्थ काढता येईल. पण डॉ. फॉक्स आठवला की तो अर्थ काढायला मन धजावत नाही.

जर्मनीतल्या म्युन्स्टर युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या ११८ मुलांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. काही गटांना तासाला चॉकलेट कुकीज दिल्या, काहींना नाही. कुकीज खाल्लेल्यांनी शिक्षकाला जास्त गुण दिले. एवढंच नाही, त्यांना अभ्याससाहित्यही जास्त चांगलं वाटलं! शिक्षक दिनाला आपण शिक्षकांना खाऊ देतो. या हिशेबाने उलटं चाललंय.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांचा २०१० मधला अभ्यास. त्यांनी निवडली अमेरिकेची हवाई दल अकादमी. तिथे कोणता कॅडेट कोणत्या प्राध्यापकाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे हुशार मुलं आपणहून अमुक सरांकडे गेली असं होत नाही. सगळ्यांना एकच पेपर असतो. आणि पहिल्या कोर्सनंतर पुढचे गणिताचे कोर्सही सक्तीचे, म्हणजे आधीच्या शिकवण्याचा पुढे काय परिणाम झाला हे मोजता येतं.

निकाल असा आला: ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्या कोर्समध्ये चांगले मार्क पडले, त्यांना मुलांनी चांगलं रेटिंग दिलं. साहजिक आहे. पण ही मुलं पुढच्या, वरच्या कोर्समध्ये मागे पडली. उलट जास्त अनुभवी प्राध्यापकांच्या मुलांना त्या वेळी मार्क कमी पडले, त्यांनी रेटिंगही कमी दिलं, आणि पुढच्या कोर्समध्ये तीच मुलं सरस ठरली. एक शक्यता अशी की पहिल्या प्रकारचे शिक्षक परीक्षेपुरतं शिकवत होते आणि दुसऱ्या प्रकारचे विषय मुळापासून.

आपल्या भाषेत सांगायचं तर ‘आयएमपी’ प्रश्न देणारे सर आणि सगळं पुस्तक शिकवणारे सर. कॉमेंट लिहायची वेळ सेमिस्टरच्या शेवटी येते. दुसऱ्या सरांचा उपयोग दोन वर्षांनी कळतो. तेव्हा कोण जुनी कॉमेंट बदलायला जातं?

मॅडमना वेगळी मोजपट्टी

२०१५ मध्ये बेन श्मिट या इतिहासाच्या प्राध्यापकाने ‘रेट माय प्रोफेसर्स’वरच्या सुमारे १ कोटी ४० लाख प्रतिक्रियांमधले शब्द मोजून सगळ्यांना वापरता येईल असा एक तक्ता ऑनलाइन टाकला. शब्द टाका, तो पुरुषांसाठी किती आणि स्त्रियांसाठी किती वापरला गेला ते विषयवार दिसतं. ‘जीनियस’ आणि ‘फनी’ हे शब्द पुरुषांच्या वाट्याला जास्त. ‘बॉसी’ म्हणजे हुकूम सोडणारी आणि ‘ॲनॉइंग’ म्हणजे वैताग आणणारी हे स्त्रियांच्या वाट्याला. ‘हेल्पफुल’सुद्धा स्त्रियांच्याच वाट्याला जास्त. ऐकायला छान, पण मदत ही मॅडमकडून गृहीतच धरलेली असते.

कुणी म्हणेल, शिकवण्यातच फरक असेल. हेच तपासायला नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन कोर्समध्ये नावांची अदलाबदल केली. शिकवणारे दोघे, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाकडे दोन गट. एका गटाला खरं नाव सांगितलं, दुसऱ्याला समोरच्याचं. मुलांनी चेहरा पाहिलेला नव्हता. तपासलेले पेपर सगळ्यांना एकाच वेळी परत मिळत होते. तरी ‘काम वेळेवर करतात का’ या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला ५ पैकी ४.३५ गुण मिळाले आणि स्त्रीच्या नावाला ३.५५. काम एकाच वेळी झालेलं, फरक फक्त नावाचा. यात विद्यार्थी ४३ च होते, त्यामुळे या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये. पण हा फरक दाखवणारा तो एकटा अभ्यास नाही.

मोजपट्टी बदलली तरी फरक पडतो. २०१९ मधल्या एका अभ्यासात लॉरेन रिव्हेरा आणि अँड्रास टिल्सिक यांना दिसलं की एका युनिव्हर्सिटीने १० गुणांऐवजी ६ गुणांची पट्टी आणली, तेव्हा पुरुषांचा भरणा असलेल्या विषयांमधली स्त्री-पुरुष गुणांची तफावत जवळजवळ संपली. १० पैकी १० म्हटलं की डोळ्यांसमोर ‘ग्रेट’ माणूस येतो आणि तो बहुतेकांच्या डोक्यात पुरुष असतो. ६ पैकी ६ द्यायला तेवढा विचार लागत नाही.

हे फक्त मन दुखावण्यापुरतं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. अमेरिका-कॅनडात अधिकृत फीडबॅकवर बढती आणि कायम नोकरी अवलंबून असते, आणि वर सांगितलेले बरेचसे दोष त्या फॉर्मलाही लागू आहेत. टोरांटोच्या रायर्सन युनिव्हर्सिटीत या प्रश्नावर प्राध्यापक संघटना आणि प्रशासन यांच्यात वाद झाला. २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला की कायम करताना आणि बढती देताना शिकवण्याची गुणवत्ता मोजायला मुलांचे हे गुण वापरू नयेत. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना दर वर्षी नव्याने नेमणूक मिळवावी लागते. अशा माणसाबद्दलचा एखादा स्क्रीनशॉट व्हायरल झाला, तर त्याच्या बाजूने बोलायला ना कायम नोकरी असते, ना संघटनेचं बळ.

कोर्टात गेलं तर?

युरोपातली दोन कोर्टं दोन दिशांना गेली. दोन्ही प्रकरणं शाळेतल्या शिक्षकांची आहेत, पण प्रश्न तोच.

जर्मनीत ‘श्पिकमिश’ नावाची वेबसाइट होती. मुलं तिथे शिक्षकांना १ ते ६ गुण द्यायची, १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. एका शिक्षिकेला जर्मन विषयासाठी ४.३ मिळाले. नाव आणि गुण काढून टाका, अशी मागणी घेऊन ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टांत हरली आणि २३ जून २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातही हरली. न्यायालयाचं म्हणणं असं की हे गुण म्हणजे मुलांचं मत आहे, ते शिक्षिकेच्या कामाबद्दल आहे, खासगी आयुष्याबद्दल नाही, आणि निनावी असलं तरी मत मांडायचा हक्क राहतो.

फ्रान्समध्ये ‘नोट टू बी’ ही तशीच साइट २००८ च्या सुरुवातीला आली. शिक्षकांच्या संघटना लगेच कोर्टात गेल्या. मार्चमध्येच पॅरिसच्या कोर्टाने शिक्षकांची नावं काढायला लावली आणि जूनमध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं. नावं गेल्यावर साइटमध्ये राहिलं काय?

भारतात असा गाजलेला निकाल नाही, पण चौकट स्पष्ट आहे. ऑनलाइन लिखाणासाठी थेट अटक करायला वापरलं जाणारं कलम ‘६६ अ’ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या खटल्याची सुरुवात आपल्या पालघरमधल्या दोन तरुणींच्या अटकेतून झाली होती, २०१२ मधल्या एका फेसबुक पोस्टवरून. म्हणून कुणीही काहीही लिहावं असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. त्यातच सद्हेतूने व्यक्त केलेल्या मतासाठी अपवादही आहेत. ‘सरांचं शिकवणं डोक्यावरून जातं’ हे मत. ‘सर पैसे घेऊन मार्क वाढवतात’ हा आरोप, आणि तो सिद्ध करायची वेळ येऊ शकते. अश्लील शेरे, मॉर्फ केलेले फोटो यांची गोष्ट आणखी वेगळी, ते थेट गुन्ह्यात जातात. सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं २०२१ च्या आयटी नियमांनुसार बंधनकारक आहे. तिथे तक्रार करायला वकील लागत नाही.

आणि ते वाचल्यावर?

आपल्याकडे मुलांचं मत विचारायची अधिकृत सोय आहे. ‘नॅक’ने २०१७ च्या नव्या पद्धतीपासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. कॉलेज मुलांचे ईमेल पत्ते देतं आणि प्रश्नावली थेट मुलांना जाते. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, असे प्रश्न त्यात असतात. पण ते सगळ्या कॉलेजचं मिळून असतं. अमुक मॅडमचा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा टॉपिक कळला नाही, हे त्यातून मॅडमना कळत नाही. कॉलेजचा स्वतःचा फॉर्म परीक्षेच्या तोंडावर येतो आणि मुलं सगळीकडे ‘उत्तम’वर टिक करून मोकळी होतात, कारण तो खरंच निनावी आहे यावर त्यांचा विश्वास नसतो. मग खरं मत कन्फेशन पेजवर जातं, आणि तिथे ते मत म्हणून कमी आणि पंच म्हणून जास्त लिहिलं जातं.

त्यामुळे स्वतःबद्दलचं असं काही हाती लागलं तर आधी ते वाचायचं कसं, हे ठरवावं लागतं. चार-पाच कॉमेंट्सवरून निघालेल्या सरासरीला फारसा अर्थ नसतो, हे संख्याशास्त्र शिकलेले प्राध्यापकही विसरतात. गाय बॉयसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तेच दाखवलं: गुणांमधले अगदी किरकोळ फरकही प्राध्यापक आणि विभागप्रमुख गंभीरपणे घेतात. ‘बोअर’, ‘भारी’, ‘बेक्कार’ यांतून करण्यासारखं काही निघत नाही. ‘फळ्यावरचं उतरवून व्हायच्या आत पुसतात’ यातून निघतं, विशेषतः तीन वेगवेगळ्या मुलांनी तेच लिहिलं असेल तर. दिसण्यावर, कपड्यांवर, जातीवर, बोलीवर लिहिलेलं असेल तर तो फीडबॅकच नाही. त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचा आणि तक्रारीच्या मार्गाने जायचं. वर्गात जाऊन ‘हे कुणी लिहिलं?’ विचारण्याचा उपयोग होत नाही. लिहिणारा हात वर करत नाही आणि न लिहिणारी साठ मुलं नाराज होतात.

काही शिक्षक सेमिस्टरच्या मध्यावर अर्ध्या कागदावर निनावी उत्तरं घेतात. काय कळतंय, काय कळत नाही, पुढच्या महिन्यात काय बदलू, एवढंच. मोबाइल नाही, लिंक नाही, ईमेल नाही. कागद टेबलावर उलटा ठेवायचा आणि पुढच्या तासाला त्यातल्या एका-दोन गोष्टींचं काय केलं ते वर्गात सांगायचं. फळा पुसायच्या आधी दोन मिनिटं थांबायला पैसे लागत नाहीत, आणि अजून अर्धं सेमिस्टर बाकी असतं.